तालुक्याच्या छोट्या कला महाविद्यालयात लिबरल आर्ट्सचं शिक्षण मिळू शकतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावची मुलगी, बारावी कला चांगल्या गुणांनी पास, घरी पाच एकर कोरडवाहू. पुण्या-बंगळूरच्या छोट्या लिबरल आर्ट्स विद्यापीठांबद्दल तिनं वाचलं आहे: वर्गात वीस-पंचवीस मुलं, चर्चा, निबंध, विषय निवडायची मोकळीक. घरच्यांनी मात्र तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घालायचं ठरवलं आहे. ती विचारते, ‘तसं शिक्षण मला इथं मिळेल का? मिळणार नसेल तर मी काय करू?’

बरंचसं मिळेल. पण आपोआप मिळणार नाही, मागून घ्यावं लागेल. कोणाकडे, केव्हा आणि काय मागायचं ते सविस्तर सांगतो.

आधी बाहेरच्या विद्यापीठांचं. सोनीपतचं अशोका, पुण्याचं फ्लेम, बंगळूर आणि भोपाळचं अझीम प्रेमजी ही या प्रकारातली माहितीतली नावं. फी ऐकून घरचे घाबरतात. पण यातल्या काही विद्यापीठांत घरच्या उत्पन्नानुसार फी कमी होते, काहींची पूर्णही माफ होते. अडचण वेगळीच आहे. त्यांचे अर्ज बारावीच्या वर्षीच, साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतात. आपल्याकडे बारावीचा निकाल लागल्यावर चौकशी सुरू होते, तोवर बहुतेक दारं बंद झालेली असतात. तुझ्या मागे बारावीला असलेल्या भावंडांना हे आत्ताच सांगून ठेव. तुलाही पुढच्या वर्षी अर्ज करायचा असेल तर उत्तीर्ण वर्षाची आणि वयाची अट त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघ.

आता त्या विद्यापीठांत नेमकं होतं काय, ते बघ. इमारत, हिरवळ, क्लब बाजूला ठेवले तर चार गोष्टी उरतात. वर्गात येण्याआधी मजकूर वाचायचा, वर्गात त्यावर बोलायचं, मग त्यावर लिहायचं, आणि शिक्षकांनी खुणा करून परत दिलेलं पुन्हा लिहायचं. या चौथ्या गोष्टीला शिक्षकाकडे वेळ लागतो आणि वर्गात मुलं कमी लागतात. तालुक्याच्या कॉलेजात पटावर ऐंशी आणि दसऱ्यानंतर वर्गात पंधरा ही स्थिती बऱ्याच ठिकाणी दिसते. तिला सगळे नावं ठेवतात. पण जी मुलगी रोज येते तिच्यासाठी तो वर्ग पंधराचाच असतो. मोठ्या शहरातल्या दीडशेच्या वर्गात तुझं लिखाण कोणी ओळ न् ओळ वाचणार नाही. इथं वाचलं जाऊ शकतं. माझ्या मते छोट्या कॉलेजचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि सगळ्यात कमी वापरला जाणाराही हाच.

विषय निवडताना घाई करू नकोस. राज्याच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानंतर बी.ए.ची रचना बदलली आहे. एका सत्रात २० ते २२ क्रेडिट. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं आणि प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे चार क्रेडिटचा पेपर ६० तासांचा, आठवड्याला चार तासिका. यात एक मेजर (मुख्य विषय), एक मायनर (जोडविषय), शिवाय ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला निवडीचा पेपर), कौशल्याचे पेपर, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, इंटर्नशिप असं सगळं येतं. कागदावर निवड भरपूर दिसते. प्रत्यक्षात कॉलेजात जे शिक्षक आहेत तेवढीच निवड असते.

म्हणून मेजर ठरवण्याआधी ऑफिसात न विचारता विभागात जाऊन दोन प्रश्न विचार. या विषयाला पूर्णवेळ शिक्षक किती आहेत आणि तासिका तत्त्वावरचे किती? तासिकेवरचे शिक्षक अनेकदा फार मनापासून शिकवतात, पण त्यांची नेमणूक सत्र सुरू झाल्यावर उशिरा होते आणि पुढच्या वर्षी तेच असतील याची खात्री नसते. मेजर तीन-चार वर्षांची सोबत आहे. ती अशा विषयात घे, जिथं निदान एक शिक्षक तीन वर्षं तिथंच असेल. दुसरा प्रश्न असा की मागच्या वर्षी या विषयाचे किती तास खरंच झाले? हा सरांना विचारायचा नाही, दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारायचा.

सगळे इतिहास-राज्यशास्त्र घेतात, कारण स्पर्धा परीक्षा. हरकत नाही. पण अर्थशास्त्राला भूगोलाची जोड किंवा मराठीला समाजशास्त्राची जोड विदर्भाच्या खेड्यात फार उपयोगी पडते, कारण त्यांच्या अभ्यासाची सामग्री घराबाहेर पाऊल टाकलं की सापडते: बाजारभाव, विहिरीची पातळी, बोली, जातपंचायत, स्थलांतर. भूगोल घेतलास तर एक लक्षात ठेव. प्रात्यक्षिकाचे तास जास्त असल्यानं दुपारची बस चुकते. वेळापत्रक बघूनच घे.

ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतून घ्यायचं असा नियम आहे. ज्या कॉलेजात फक्त कला शाखा आहे तिथं गाडी इथंच अडते आणि मुलांच्या गळ्यात जे असेल ते मारलं जातं. अशा वेळी केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या ‘स्वयम्’ पोर्टलचा मार्ग आहे. तिथले कोर्स शिकायला मोफत आहेत, फी फक्त परीक्षेची. यूजीसीच्या नियमानुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात. पण मुली कोर्स आधी करून टाकतात आणि प्रमाणपत्र घेऊन मग कॉलेजात जातात. ते क्रेडिट धरलं जाईलच असं नाही. आधी प्राचार्यांची लेखी मान्यता, मग नोंदणी, हा क्रम मोडायचा नाही.

आता वाचन. मेजरसाठी आठवड्याला २५ पानं पुरेत, पण ती गाईडची नकोत. मराठीतली २५ पानं नीट वाचायला साधारण तीन तास लागतात, इंग्रजीतली असतील तर दुप्पट धर. पहिल्यांदा पेन न घेता सलग वाच. दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक परिच्छेदाला वहीत स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिही. जिथं ओळ लिहिता येत नाही तिथं समजलेलं नाही, खूण कर. शेवटी लेखकाला विचारायचे दोन प्रश्न लिही आणि ते घेऊनच वर्गात बस. तास सुरू असताना पाचव्या मिनिटाला एक मुलगी मजकुरातला प्रश्न विचारते तेव्हा तो तास बदलतो. शिक्षक नोट्स सांगायचं थांबवतात आणि बोलायला लागतात. हे प्रत्येक वर्गात होईल असं नाही, पण तीनपैकी एका विषयात झालं तरी वर्ष सार्थकी लागतं.

इंग्रजीची भीती सगळ्यांनाच असते. यावर नेमका उपाय आहे. तोच विषय आधी मराठी विश्वकोशात वाच. तो इंटरनेटवर मोफत आहे. मग इंग्रजीतली दोन पानं घे, जास्त नाही. मुलींना वाटतं शब्द अडतात, पण बहुतेक वेळा अडतो तो अनोळखी विषय. विषय माहीत असला की निम्मे शब्द संदर्भानं कळतात. रोज दोन पानं या हिशेबानं तिसऱ्या वर्षापर्यंत इंग्रजी लेख स्वतःच्या बळावर वाचता येतो.

पुस्तकांसाठी पहिल्याच आठवड्यात ग्रंथपालांना भेट आणि कॉलेजनं ‘एन-लिस्ट’ घेतलं आहे का ते विचार. अनुदानित महाविद्यालयांसाठीची ही योजना आहे. त्यातून हजारो ई-पुस्तकं आणि नियतकालिकं घरबसल्या मोबाइलवर उघडतात. लॉगिन ग्रंथपालांकडूनच मिळतं. अनेक कॉलेजांत सदस्यत्व असतं पण मुलांनी कधी मागितलेलंच नसतं. जिल्ह्यांची गॅझेटिअरही इंटरनेटवर मोफत आहेत. ती उतरवून ठेव, पुढे लागतील.

आता लिखाणाकडे येतो, आणि इथं मला जास्त थांबायचं आहे.

आपल्याकडे उत्तर लिहायची सवय अशी: प्रस्तावना, पाच-सात ठळक मुद्दे, मधे एखादं अवतरण, शेवटी समारोप. पानं भरली की गुण मिळतात हा समज. या पद्धतीत मुलगी विचार कधी करतच नाही. उदाहरण घे: ‘एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडात कापसाचा व्यापार का वाढला?’ गाईडमध्ये तीन कारणं ओळीनं मिळतात: काळी जमीन, अमेरिकेतलं यादवी युद्ध, रेल्वे. ती लिहिली की गुण मिळतात आणि प्रश्न संपतो. आता त्याच तीन कारणांपुढे सनावळी लिहून बघ. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं १८५३ साली. अमेरिकेतलं युद्ध १८६१ ते १८६५. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ साली. म्हणजे युद्धामुळे भाव चढले तेव्हा रेल्वे अजून वाटेतच होती. मग त्या वर्षांत कापूस मुंबईला गेला कसा? कुठपर्यंत बंडीनं आणि कुठून पुढे रेल्वेनं? युद्ध संपल्यावर भाव पडले, तरी पेरा का टिकला? काळी जमीन तर १८५३ च्या आधीही होती, मग तिला कारण म्हणायचं की अट? हे प्रश्न पडले की निबंध सुरू होतो. उत्तरं शोधायला गॅझेटिअर आहेच.

दर आठवड्याला एक असं ४०० शब्दांचं टिपण लिही, आखीव कागदावर दीड-दोन पानं. पहिल्या ओळीत प्रश्न, दुसरीत तुझं म्हणणं. मग दोन पुरावे, आणि तुझ्या म्हणण्यावर कोणी घेऊ शकेल असा एक आक्षेप, त्याला तुझं उत्तर. एवढंच. प्रस्तावना नको, समारोप नको.

ते शिक्षकांकडे नेताना ‘सर, तपासून द्या’ म्हणू नकोस. तसं म्हटलं की खाली बरोबरची खूण आणि सही मिळते. नेमकं विचार: ‘मॅडम, यात पुरावा कुठं कमी पडतो आणि मुद्दा कुठं कळत नाही, एवढंच सांगा.’ ४०० शब्द वाचून दोन खुणा करायला दहा मिनिटं लागतात आणि दहा मिनिटं कोणीही देतं. दहा पानं नेलीस तर ती टेबलावर पडून राहतील. खुणा मिळाल्या की तीन दिवसांच्या आत पुन्हा लिही आणि नवीन पान जुन्या पानाला टाचून दाखव. दुसऱ्या मसुद्यात सुधारणा दिसली की शिक्षकांनाही हुरूप येतो. बऱ्याच वर्षांत त्यांच्याकडे असं कोणी आलेलं नसतं. एका सत्रात दहा टिपणं झाली तरी वर्षाला वीस, तीन वर्षांत साठ. घरी आग्रह धरतील त्या एमपीएससीलाही हे उपयोगी आहे, कारण राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे.

मोबाइलवरून उतरवून घेतलेला मजकूर टाळ, एआयकडून लिहून घेतलेलाही. पकडली जाशील म्हणून सांगत नाही. या शिक्षणात मिळण्यासारखं जे आहे ते त्या अवघड तासातच मिळतं, म्हणून सांगतो.

फील्ड प्रोजेक्ट हा भाग खेड्यातल्या कॉलेजात सगळ्यात जास्त वाया जातो, आणि इथंच तू शहरातल्या मुलांच्या पुढे आहेस. दोन क्रेडिटचा प्रोजेक्ट म्हणजे साधारण ६० तास. नेहमी होतं असं: मार्च उजाडतो, कोणीतरी शंभर प्रश्नावल्यांचा गठ्ठा आणतं, झाडाखाली बसून एकाच पेनानं सगळ्या भरल्या जातात, तालुक्याला जाऊन बाइंडिंग. परीक्षकालाही कळतं.

त्याऐवजी विषय छोटा आणि घराजवळचा घे. समजा भुलाबाईची गाणी घेतलीस. ती भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत म्हटली जातात, म्हणजे गोळा करायला एकच महिना मिळतो. जुलैत विषय मंजूर करून घ्यावा लागतो, नाहीतर वर्ष गेलं. प्रत्येक गाण्यासोबत म्हणणाऱ्या बाईचं वय आणि माहेरचं गाव लिही. ही नोंद सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच राहून जाते. गाणी लेकींबरोबर सासरी जातात. एकाच गावात एकाच गाण्याचे तीन पाठ सापडले तर त्याचं कारण बहुधा माहेरात असतं. वीस बायकांची माहेरं नकाशावर मांडलीस तर तुझ्या गावची सोयरीक कुठवर जाते तेही दिसेल. ऐकलं तसंच लिही. ‘मले’, ‘तुले’, ‘येऊन राह्यली’ याचं पुस्तकी मराठी करू नकोस, केलंस की सामग्री मेली. रेकॉर्डिंगआधी विचार, नाव छापलेलं चालेल का तेही विचार. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला तास-दीड तास जातो, तो हिशेबात धर. फाइलला तारीख आणि गावाचं नाव त्याच दिवशी दे.

तास असे वाट: दहा वाचनाला आणि प्रश्न ठरवायला, पंचवीस गावात, पंधरा उतरवून लावायला, दहा लिहायला. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडच्या मुलांना झाडीपट्टीची नाटकं आहेत. त्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे त्याचं मोठं केंद्र आहे. पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले तलाव, आहेत. कोरडवाहू गावात वीस विहिरींची दिवाळीची आणि गुढीपाडव्याची पाणीपातळी दोरी टाकून मोजली तरी चांगला प्रोजेक्ट होतो. घराघरांतून माहिती घ्यायची असेल तर तीस घरं पुरेत. एका दिवशी सहाच्या वर घरं करू नकोस, सातव्या घरात आपण ऐकायचं थांबतो. आणि सोंगणीच्या दिवसांत जाऊ नकोस, लोक नाही म्हणणार नाहीत पण उत्तरं उरकतील.

सोंगणीवरून पुढची अडचण. आपलं शेतीचं वेळापत्रक आणि विद्यापीठाचं वेळापत्रक एकमेकांवर आदळतं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीन, त्याला लागूनच कापसाची वेचणी, आणि त्याच सुमारास अंतर्गत चाचण्या, मागोमाग हिवाळी परीक्षा. मुली महिनाभर वावरात असतात, परत येतात तेव्हा चाचणी होऊन गेलेली असते आणि ७५ टक्के हजेरीही गेलेली असते. यावर उपाय जुलैतच करायचा. हजेरीचा साठा आधी करायचा, म्हणजे पावसाळ्यात एकही दिवस पाडायचा नाही. प्रत्येक विषयाच्या चाचणीची तारीख शिक्षकांकडून काढायची आणि घरी भिंतीवर लावायची. नुसतं ‘कॉलेज आहे’ सांगून आई-बाबा वावरातून सोडत नाहीत. ‘१४ तारखेला चाचणी आहे, वीस गुणांची’ असं सांगितलं तर त्या दिवशी मजूर लावतात.

बसचंही तसंच. विद्यार्थी पास काढायला कॉलेजचं बोनाफाईड लागतं. मासिक पासात विद्यार्थ्याला भाड्याचा एक तृतीयांशच भाग भरावा लागतो. परतीची बस लवकर असेल तर ग्रंथालय बुडतं. एकटीनं तक्रार करून काही होत नाही. त्या मार्गावरच्या सगळ्या पासधारकांची नावं, गावं आणि हवी ती वेळ लिहून प्राचार्यांच्या सहीनं आगार व्यवस्थापकांना अर्ज द्या. प्रवासी किती ते दिसलं की विचार होतो.

पैशांचं थोडक्यात. शिष्यवृत्तीचा महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी भरावा लागतो. अडतो तो दोन ठिकाणी: आधार बँक खात्याशी जोडलेलं नसतं, किंवा आधारवरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नाही. दोन्ही कामं प्रवेशाआधी उन्हाळ्यात करून घे. उत्पन्नाचा दाखलाही तेव्हाच काढ, जूनमध्ये सेतूवर रांग असते. अर्ज भरल्यावर तो कॉलेजच्या लॉगिनमधून पुढे गेला का ते पंधरा दिवसांनी बघ. तिथंच तो महिनोन् महिने पडून राहतो. बाहेर खोली करून राहणार असशील तर तुझ्या प्रवर्गासाठी स्वाधार, स्वयम् (हे वरचं पोर्टल नव्हे, आदिवासी विद्यार्थ्यांची योजना) किंवा सावित्रीबाई फुले आधार योजना आहे का आणि अटींत तुझं तालुक्याचं ठिकाण बसतं का, ते समाजकल्याण, इतर मागास बहुजन कल्याण किंवा आदिवासी विकासच्या कार्यालयात जाऊन विचार. एनएसएसमध्ये नाव घाल. वर्षाचे १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर, त्यातून क्रेडिटही मिळतं आणि दुसऱ्या गावांशी ओळखही होते.

आणि चौथं वर्ष. तीन वर्षांत १२० ते १३२ क्रेडिटवर पदवी मिळते, चार वर्षांत १६० ते १७६ वर ऑनर्स. चार वर्षं केली तर एम.ए. एका वर्षात होतं. संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर यूजीसीनं पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्क्यांची अट ठेवली आहे आणि विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक लागतात. तालुक्याच्या कॉलेजात ते बहुधा नसतात. म्हणून माझा सल्ला असा: तीन वर्षं इथं कर, साठ टिपणं आणि एक चांगला प्रोजेक्ट हातात ठेव, आणि पुढचं शिक्षण बाहेर कर. मोठ्या विद्यापीठात एम.ए.ला मुलाखत असली किंवा लिखाणाचा नमुना मागितला तर टक्क्यांच्या जोडीला दाखवायला तुझ्याकडे ते प्रोजेक्टचं बाड असेल.

मधेच शिक्षण सोडावं लागलं तरी सगळं वाया जात नाही. पहिल्या वर्षानंतर ४० ते ४४ क्रेडिट आणि वर चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स केला तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर तसंच करून पदविका. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. लग्न ठरलं, वडील आजारी पडले, असं काही झालं तर नुसतं येणं बंद करू नकोस. ऑफिसात जाऊन रीतसर बाहेर पडल्याची नोंद करून घे. त्यासाठी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे मिळवलेली क्रेडिट जमा राहतात ते, खातं प्रवेशाच्या वेळीच डिजिलॉकरवरून उघड, आणि प्रत्येक निकालानंतर त्यात क्रेडिट जमा झाली का ते बघ. जमा झाली नसतील तर त्याच महिन्यात गुणपत्रिकेची प्रत जोडून कॉलेजच्या परीक्षा विभागाला लेखी अर्ज दे आणि आपल्या प्रतीवर पोच घे.